गाडीतला कचरा आणि गाडीतली माणसं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली १९ वर्षं मी डोंबिवली ते सीएसएमटी रोज ये-जा करते आणि गणपतीला, मे महिन्यात कोकण रेल्वेने गावी जाते. डब्यातल्या मैत्रिणी, नवीन पास काढलेली मुलं, गावाहून आलेले पाहुणे हे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात. कधी कुणी वैतागून विचारतं, कधी खरंच माहीत नसतं म्हणून. उत्तरं मुख्यतः मुंबईच्या लोकलला धरून आहेत. लांबच्या गाड्यांबद्दल वेगळं काही असेल तिथे तसं लिहिलं आहे.

लोकलच्या डब्यात कचरापेटीच नसते. मग कचरा टाकायचा कुठे?

स्वतःच्या पिशवीत. स्टेशनवर उतरलात की प्लॅटफॉर्मवरच्या पेटीत टाका, ती भरली असेल तर ऑफिसात किंवा घरी. मी बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात दुधाची धुतलेली रिकामी पिशवी ठेवते. केळ्याची साल, चिक्कीचा कागद, मुलाने अर्धा खाऊन टाकलेला वडा, सगळं तिच्यात जातं आणि बॅगेला डाग लागत नाही. लोकलचा प्रवास तास-दीड तासाचा. तेवढा वेळ एक साल जवळ बाळगणं कुणालाही जमतं.

लांबच्या गाडीत बेसिनजवळ पेटी असते. दुपारच्या जेवणानंतर ती भरून वाहते हे खरं. तेव्हा आपला कचरा वर रचत बसू नका. गाठ मारून पिशवी सीटखाली ठेवा आणि सफाईवाला आला की त्याच्या हातात द्या.

डबा झाडणं हे सफाई कामगारांचं काम आहे. त्याचेच तर पैसे आपण तिकिटात भरतो ना?

काम त्यांचंच आहे. पण ते कधी आणि कुठे होतं हे कळलं की प्रश्न बदलतो. लोकल नीट झाडली-धुतली जाते ती कारशेडमध्ये: मध्य रेल्वेच्या कुर्ला, कळवा, सानपाड्याला, पश्चिमेच्या कांदिवली, विरारला. मधल्या काळात गाडी फेऱ्यांवर फेऱ्या मारत असते. सीएसएमटीला आलेली गाडी काही मिनिटांत उलटी निघते. तेवढ्यात उतरणारे उतरतात, चढणारे उड्या मारून जागा धरतात. तिथे झाडू मारायला जागा कुठे आणि वेळ कुठला?

म्हणजे सकाळी साडेसातला तुम्ही सीटखाली सरकवलेला चहाचा कप कदाचित रात्रीपर्यंत तिथेच राहतो. तोवर त्या बाकावर किती माणसं बसून गेली असतील ते मोजा. रिकामी गाडी आपल्याला सहसा दिसतच नाही. आपण उठतो तेव्हा पुढचा माणूस समोर उभा असतो, बरेचदा त्याने "कुठे उतरणार?" विचारून जागा सांगून ठेवलेली असते. सीट ऊबदार असतानाच तो बसतो. आपण डबा सोडून जात नाही, त्याच्या हाती देऊन जातो. माझ्या मते या सगळ्या विषयाचं मूळ इथे आहे. कचरा, आवाज, पाठीवरची बॅग, अडवलेली जागा या चार वेगळ्या सवयी वाटतात, पण चारही ठिकाणी शेजारचा माणूस दिसेनासा झालेला असतो.

खिडकीबाहेर टाकलं तर डबा तरी स्वच्छ राहतो ना?

हा सर्वांत जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न, आणि मला सर्वांत जास्त त्रास देणारा.

पहिली गोष्ट, धावत्या गाडीतून भिरकावलेलं बरंचसं परत आत येतं, तुमच्या नाही तर मागच्या खिडकीतून. मागच्या खिडकीतल्या बाईच्या अंगावर उष्टं पाणी उडालेलं मी कितीदा पाहिलं आहे. दुसरी गोष्ट, रुळांवर माणसं काम करत असतात. ट्रॅकमन, सिग्नलची माणसं, नाले साफ करणारे. गाडी येताना ते कडेला उभे राहतात, म्हणजे नेमके तिथे, जिथे बाटली येऊन पडते. वेगातल्या गाडीतून फेकलेली अर्धी भरलेली पाण्याची बाटली दगडासारखी लागते.

तिसरी गोष्ट पावसाची. रुळांच्या कडेने गटारं आहेत, रुळांखालून मोऱ्या गेल्या आहेत. त्यांची तोंडं वेफर्सच्या पुड्या, पिशव्या, बाटल्यांनी बुजली की सायन-कुर्ल्याच्या सखल पट्ट्यात पाणी चढतं आणि गाड्या थांबतात. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. तो पाऊस कुठल्याही शहराला बुडवणारा होता, पण तुंबलेल्या गटारांनी पाणी निघायला आणखी उशीर झाला. त्या रात्री ऑफिसातून निघून रुळांवरून चालत घरी गेलेली माणसं आजही डब्यात भेटतात. रुळांलगतचा गाळ आणि कचरा उचलायला मध्य रेल्वेला 'मक स्पेशल' नावाची वेगळी गाडी चालवावी लागते. ज्या रुळांवरून माणसं न्यायची, त्यांवरून आपलाच कचरा वाहून न्यायला गाडी लागते, याचं मला फार वाईट वाटतं.

निर्माल्य खाडीत टाकणं तर कचरा नाही. ती श्रद्धा आहे.

श्रद्धेला माझा विरोध नाही. घरी मीही रोज पूजा करते. पण नायगाव आणि भाईंदरच्या मध्ये खाडीवरच्या रेल्वे पुलाकडे एकदा नीट बघा. मध्ये पाणजू बेट आहे. बेटावरची माणसं पुलाच्या कडेच्या वाटेने चालत स्टेशन गाठतात. शाळेची पोरं, म्हातारी माणसं, कामाला जाणाऱ्या बाया. धावत्या लोकलमधून फेकलेली निर्माल्याची पिशवी, नारळ लागून त्यांतली माणसं जखमी झाली आहेत. नारळ लागून जीवही गेला आहे. फेकणाऱ्याने हात जोडून डोळे मिटलेले असतात, त्यामुळे खाली कोण आहे ते त्याला कळतही नाही.

फुलं घरच्या कुंडीत मातीत मिसळा, सोसायटीच्या किंवा पालिकेच्या निर्माल्य कलशात द्या. नारळ फोडून प्रसाद वाटा. आणि काहीही करा, पण धावत्या गाडीतून काही फेकू नका.

शेंगांची टरफलं, मेथीच्या काड्या कुजतात. त्याही टाकायच्या नाहीत का?

नाहीत. आधी एक सांगते: संध्याकाळच्या लेडीज डब्यात भाजी निवडणं मला मनापासून आवडतं. मटार सोलता सोलता सासरची गाऱ्हाणी होतात, कुणाच्या तरी मुलीचं स्थळ ठरतं. घरी पोचून लगेच फोडणी टाकता येते आणि त्या वाचलेल्या अर्ध्या तासाची किंमत नोकरी करणारी बाईच जाणते. त्यामुळे भाजी जरूर निवडा. मांडीवर वर्तमानपत्र पसरा, खाली एक पिशवी उघडी ठेवा, काड्या त्यात टाका. आमच्या डब्यातल्या एक ताई गवार निवडताना स्वतःची पिशवी शेजारणीपुढेही धरतात, तिलाही देठ टाकता यावेत म्हणून.

टरफलं कुजतात, पण मातीत. डब्याच्या पत्र्यावर ती ओली होऊन निसरडी होतात, घाईत उतरणारीचा पाय त्यावरून सरकतो. शिवाय खाणं पडलं की उंदीर-झुरळं येतात, आणि उंदीर नुसत्या टरफलांवर थांबत नाहीत, वायरीही कुरतडतात.

मग गाडीत खायचंच नाही का?

खा की! सकाळी पाचला उठलेल्या माणसाला आठच्या गाडीत भूक लागणारच. फक्त गर्दीत रस्सा, दही, चटणी उघडू नका, आणि उग्र वासाचं काही असेल तर शेजारच्याचा विचार करा. मासळीच्या टोपल्या मालडब्यात न्यायच्या. कोळणी मावश्या तसंच करतात आणि तिथेही टोपलीखाली प्लास्टिक घालतात. त्यांच्याकडून शिकण्यासारखं आहे.

गुटखा, तंबाखू, थुंकणं?

यावर चर्चा नको. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे आणि गाडीत धूम्रपानाला मनाई आहे. दारातून थुंकलेलं मागच्या दारातल्या माणसाच्या तोंडावर येतं. ज्याच्या तोंडावर आलं आहे त्याला विचारा.

कचरा टाकल्यावर खरंच दंड होतो? किती?

होतो. रेल्वेच्या परिसरातल्या स्वच्छतेसाठी २०१२ साली वेगळे नियम झाले. त्याप्रमाणे ५०० रुपयांपर्यंत दंड आहे. त्यात गाडीत आणि स्टेशनात कचरा टाकणं, थुंकणं, लघवी करणं, ठरवून दिलेल्या जागेशिवाय भांडी-कपडे धुणं, आंघोळ करणं, स्वयंपाक करणं, पशुपक्ष्यांना खायला घालणं, डब्यावर लिहिणं किंवा कागद चिकटवणं हे सगळं येतं. दारू पिऊन गोंधळ, शिवीगाळ, सहप्रवाशांना उपद्रव यासाठी १९८९ च्या रेल्वे कायद्यात कलम १४५ आहे.

पण रोज लाखो माणसं जिथे ये-जा करतात तिथे प्रत्येक सालीमागे एक अधिकारी उभा राहू शकत नाही. दंडाने थोडा धाक बसतो, डबा स्वच्छ होतो तो शेजारच्याच्या नजरेने.

घाटात माकडांना केळी दिली तर पुण्यच ना?

पुणे मार्गावर कर्जत आणि खंडाळ्याच्या मध्ये मंकी हिल आहे, नावावरूनच कळतं. गाडीतून खाऊ मिळायची सवय लागली की माकडं रुळांवर येऊन बसतात आणि पुढच्या गाडीखाली सापडतात. त्यांना जंगलात पोटभर मिळतं. वर सांगितलेल्या नियमांत हेही येतं.

लांबच्या गाडीत संडासात बाटली किंवा कागद टाकला तर काय होतं?

पूर्वी सगळं थेट रुळांवर पडायचं. आता डब्याखाली बायो-टॉयलेटची टाकी असते. रेल्वे आणि डीआरडीओ ही संरक्षण खात्याची संशोधन संस्था यांनी मिळून ही पद्धत तयार केली. टाकीतले जिवाणू मैला पचवून त्याचं पाणी आणि वायू करतात. ते मैला पचवतात, प्लास्टिक नाही. बाटली, गुटख्याची पुडी, डायपर, सॅनिटरी पॅड आत गेलं की वाट तुंबते. मग पाणी वर येतं, दुर्गंधी सुटते आणि पुढच्या दहा-बारा तासांसाठी सगळ्या डब्याचा एक संडास बंद होतो. त्याचा सगळ्यात जास्त त्रास मधुमेह असलेल्या आजोबांना, गरोदर बाईला आणि लहान मुलांना होतो.

पॅड कागदात गुंडाळून, वरून पिशवीला गाठ मारून पेटीत टाकायचं. हे आईने मुलीला प्रवासाला निघण्याआधी सांगावं, न लाजता. डायपरचंही तेच. शिवाय वापरलेला डायपर बर्थखाली ढकलू नका. तो काढणाऱ्या माणसालाही हात आहेत आणि घरी जाऊन त्याच हातांनी जेवायचं आहे.

पाठीवरची बॅग पुढे घ्या असं सगळे का ओरडतात?

गर्दीच्या वेळी लोकलमध्ये एका चौरस मीटरात १४ ते १६ माणसं उभी असतात असं रेल्वेचेच लोक सांगतात. तुमची लॅपटॉपची बॅग एका उभ्या माणसाची जागा खाते. तुम्ही वळलात की ती मागच्याच्या तोंडावर आपटते आणि तुम्हाला कळतही नाही. बॅग रॅकवर ठेवा. रॅकपर्यंत हात पोचत नसेल तर बसलेल्याला सांगा, तो ठेवतो. हात लांब करून अनोळखी माणसाची बॅग वर घेणं ही मुंबईची जुनी रीत आहे आणि ती अजून टिकून आहे.

दारात तर बॅग पाठीवर नकोच. ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळ एकमेकांशेजारून जाणाऱ्या दोन गर्दीच्या लोकलच्या दारांतले प्रवासी घासले जाऊन खाली पडले आणि त्यांतले काही दगावले. आम्ही रोज त्याच वळणावरून जातो. त्या दिवसापासून डब्यातल्या प्रत्येकीने एकदा तरी दारातल्या मुलीला "आत ये गं" म्हटलं आहे.

दारात उभं राहून चढणाऱ्यांना अडवणं योग्य आहे का? "विरारच्या गाडीत बोरिवलीवाले कशाला" असं ऐकवतात.

अजिबात योग्य नाही. ज्याच्याकडे तिकीट किंवा पास आहे, त्याला राखीव नसलेल्या डब्यात चढू न देणं हा रेल्वे कायद्याच्या कलम १५५ खाली गुन्हा आहे. लांब राहणाऱ्यांचा राग मला समजतो. मीही डोंबिवलीची आहे, मुलुंडला उतरणारा माणूस कल्याण फास्टच्या दारात उभा दिसला की जीव चडफडतो. पण त्यालाही घरी जायचं आहे. गटाने रुमाल टाकून जागा धरणं, एकट्या माणसाला टोमणे मारणं, उतरू न देणं याला मैत्री म्हणत नाहीत.

चौथी सीट मागणं हा हक्क आहे की उपकार?

बाक तिघांचा आहे, चौथ्याची सोय प्रवाशांनी आपापसात केली. लेखी नियम नाही, पण मागितल्यावर सरकायचं हे ठरलेलं आहे. पाय दुखत असतील, अंगात ताप असेल, पोटुशी असेल तर मागायलाही लावू नका, आपण उठा. सीट वाटून घेणंही चांगलं. ठाण्यापर्यंत तू, पुढे मी.

मोठ्याने मोबाइल लावणाऱ्याला काय सांगायचं? आणि भजनाचं काय?

मोबाइलला इयरफोन हेच उत्तर. लोकलच्या तासाभरात कुणी डुलकी काढत असतं, कुणी परीक्षेचा अभ्यास करत असतं, कुणी नुकताच हॉस्पिटलातून निघालेला असतो.

भजनाबद्दल माझं मन दोन्हीकडे ओढतं. टाळांचा ठेका ऐकत मी कितीतरी वाईट दिवस पार केले आहेत. तरी डब्यातल्या एकाचं डोकं दुखत असेल आणि त्याला दुसऱ्या डब्यात जायला वाटच नसेल, तर आपला अभंग त्याच्यासाठी गोंगाट होतो. माझ्या ओळखीचं एक मंडळ चढल्यावर आधी विचारतं आणि टाळ हळू वाजवतं. मला ते पुरेसं वाटतं.

रात्रीच्या गाडीत मधला बर्थ कधी उघडायचा?

रात्री १० ते सकाळी ६ झोपायची वेळ. त्याआधी खालच्या बर्थवर सगळ्यांना बसू द्यायचं, त्यानंतर मधल्याला झोपू द्यायचं. दहानंतर रात्रीचा मंद दिवा सोडून बाकी दिवे बंद, मोठ्याने गप्पा आणि गाणी बंद. पहाटे रत्नागिरीला उतरणाऱ्यांनी सामान आदल्या रात्रीच बांधून ठेवावं. चार वाजता दिवा लावून चेनचा करकर आवाज केला की पुढे मडगावपर्यंत जाणाऱ्यांची झोप मोडते.

नव्या, चांगल्या गाड्या दिल्या की लोक आपोआप नीट वागतात का?

तेवढ्याने नाही. मे २०१७ मध्ये मुंबई-गोवा तेजस एक्सप्रेस सुरू झाली आणि पहिल्याच फेरीनंतर हेडफोन गायब आणि स्क्रीनवर ओरखडे अशा बातम्या आल्या. जानेवारी २०२३ मध्ये वंदे भारतच्या डब्यात पसरलेल्या उष्ट्या डब्यांचे फोटो सगळीकडे फिरले. मग विमानासारखी पद्धत आली: जेवण झाल्यावर कर्मचारी मोठी पिशवी घेऊन येतो आणि प्रत्येकाने कचरा तीत टाकायचा. हा उपाय मला फार आवडला. समोर उभ्या असलेल्या माणसाच्या हातात कचरा देताना कुणी तो खाली टाकत नाही.

आणि हा प्रश्न जुना आहे. १९१७ साली गांधीजींनी मुंबई ते मद्रास तिसऱ्या वर्गाने प्रवास करून लिहिलं, की सबंध प्रवासात डबा एकदाही झाडला नाही. त्यांनी रेल्वेला दोष दिला, आणि प्रवाशांच्या घाणेरड्या सवयींनाही.

कुणाला टोकलं की भांडण होतं. कसं सांगायचं?

मी पहिली काही वर्षं चिडून सांगायचे आणि दर वेळी भांडण व्हायचं. एकदा समोरच्या बाईने संत्र्याच्या साली खाली टाकल्या. मी मोठ्याने बोलले, ती त्याहून मोठ्याने बोलली, सगळा डबा तमाशा बघत राहिला आणि साली तिथेच राहिल्या. नंतर कळलं की तिचा नवरा दवाखान्यात होता आणि सकाळपासून तिने खाल्लेली ती पहिलीच गोष्ट होती. साली टाकणं तरी चूकच. पण माझं ओरडणंही कुणाच्या कामाचं नव्हतं.

आता मी न चिडता माझी पिशवी पुढे करते. "ताई, यात टाका, मी खाली उतरल्यावर टाकेन." दहातल्या नऊ जणी ओशाळून टाकतात, काही तर माझीच पिशवी घेऊन जातात. तरुण मुलांना "दादा" म्हणून हाक मारली की आवाज निम्मा खाली येतो. दारू प्यायलेला माणूस किंवा आक्रमक गट असेल तर मात्र स्वतः तोंड घालू नका.

मग तक्रार कुठे करायची?

१३९ वर फोन करा किंवा रेल मदद ॲपवर गाडी क्रमांक, डबा आणि पुढचं स्टेशन लिहा. अस्वच्छ संडास, पाणी नसणं, त्रास देणारा सहप्रवासी, सगळ्यासाठी हाच नंबर. लांबच्या बऱ्याच गाड्यांमध्ये सफाई कर्मचारी सोबत असतात, तक्रार गेल्यावर ते डब्यात येतात. मुंबईत लोहमार्ग पोलिसांचा १५१२ हा नंबरही फोनमध्ये ठेवा, विशेषतः मुलींनी.

दसऱ्याला डबा सजवतो, त्यानंतर काय?

दसऱ्याच्या आदल्या दिवशी डब्याला तोरण, झेंडूच्या माळा, हळदीकुंकू, पेढे. वर्षभर आपल्याला ओढून नेणाऱ्या गाडीची पूजा. माझ्या वर्षातला हा लाडका दिवस. दोन वर्षांपूर्वी आमच्या गटाने ठरवलं, की माळा बांधणाऱ्यांनीच त्या संध्याकाळी काढायच्या. सुतळी कापायला कात्री, पेढ्यांचे कागद गोळा करायला दोन गोण्या. फुलं एक जण कल्याणला तिच्या सोसायटीच्या खतखड्ड्यात नेते. या वर्षी शेजारच्या जनरल डब्यातले दोघे गोणी मागायला आले होते.